टेकाडाखालचं बर्फघर

मॅव्हिस ओल्या चादरीचं दुसरं टोक दोरीवर टाकत होती, तेवढ्यात दोरीचा खांब गुडघाभर जमिनीत गेला. पडला नाही, मोडला नाही. खालून कुणीतरी हलकेच ओढून घ्यावा तसा सरकला, आणि धुतलेली चादर गवतात लोळली. तिनं आधी चादरच उचलली. सोमवार हा तिचा दुकानातल्या सुट्टीचा वार, कपड्यांचा वार, आणि सप्टेंबरातलं असं कोरडं ऊन ब्रिस्टलमध्ये रोज मिळत नाही. मग तिचं लक्ष खांबाच्या बुडाकडे गेलं. बागेच्या टोकाला झुडपांनी भरलेलं ते टेकाड होतं, त्याच्या उतारावर ताटाएवढं भोक पडलं होतं आणि त्यातून गार हवा येत होती. पायमोजे घातले नव्हते, त्यामुळे नडग्यांना ती आधी कळली. उन्हानं तापलेल्या अंगाला पायापासून वर चढत येणारा तो गारवा. भोकाच्या कडेची एक वीट सुटली आणि आत गेली. आवाज आला नाही. मॅव्हिस वाट पाहत राहिली. आता येईल, आता येईल, आणि आला तेव्हा तो फार खालून आला. मागे सरायला हवं होतं. तीस वर्षं होत आली, ती अशा सगळ्यापासून मागे सरत आली होती. पण वास आला, ओल्या विटेचा, जुन्या चुन्याचा, आणि तिचे पाय तिथेच थांबले. हा वास आपल्या ओळखीचा आहे, असं तिला वाटलं. भीतीच्याही आधी ती ओळख वाटली, आणि त्याचंच तिला नवल वाटलं.

बुधवारी नगरपालिकेचा माणूस आला. लव्हेल नावाचा, नीटनेटका, बुटांवर रबरी बूट चढवून आलेला. ऑब्री, तिचा नवरा, बसकंपनीतली अर्धी पाळी टाकून त्याच्यासाठी घरी थांबला होता. मॅव्हिस, दुकानात उशिरा येते म्हणून कळवून, स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी. लव्हेलनं भोकात टॉर्च मारला, काठी आपटली, आणि उठून गुडघे झटकत म्हणाला, "बर्फघर आहे, मिस्टर गॉलेज. इथं पूर्वी कोर्टलँड्सची हवेली होती ना, त्यांचं. थंडीत तळ्यातला बर्फ फोडून आत भरायचा, पेंढ्यानं झाकायचा, की उन्हाळ्यात साहेबांच्या पाहुण्यांना आइस्क्रीम. अंड्यासारखी विटांची विहीर असते, वर घुमट. दार नेहमी उत्तरेला, ऊन लागू नये म्हणून. तुमचं तिकडे, त्या झुडपांत बुजलेलं असणार. हवेली पाडली, तळं बुजवलं, घरं बांधली, हे टेकाड म्हणून राहिलं."

"म्हणजे बारा वर्षं आम्ही साहेबांच्या आइस्क्रीमवर बटाटे लावतोय," ऑब्री म्हणाला, आणि दोघं हसले.

"सोपं आहे. एक लॉरी डबर टाकू, वर काँक्रीट. पुढच्या शुक्रवारी मोकळी आहे लॉरी. नाहीतर दार उघडून, डागडुजी करून, वर जाळी बसवून ठेवता येतं, काही लोक ठेवतात. विटकाम पक्कं दिसतंय, तो खांब ठोकला तिथलंच तेवढं सुटलंय. पण ती कटकट तुमची."

ऑब्रीनं मान वळवून दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. पण वारा घराकडे वाहत होता. "बुजवूनच टाका. बायकोचं जरा... युद्धात गाडली गेली होती ती. बंद जागा, अंधार, तिला ते जमत नाही."

मॅव्हिसनं ट्रे घट्ट धरला. जमत नाही. किती मायेनं म्हणाला तो. मायेनंच म्हणत आला होता. लग्नानंतर वेस्टनला समुद्रकाठच्या घरगुती हॉटेलात राहिले तेव्हा त्यानंच मालकिणीला सांगितलं होतं, दार खुर्ची लावून उघडं ठेवू, तिला जमत नाही. सिनेमाला कडेची खुर्ची. तळघर नसलेलं घर मिळेपर्यंत दोन वर्षं भाड्यानं राहिले. ती कामाला होती त्या मोठ्या दुकानात हातमोज्यांचा विभाग चौथ्या मजल्यावर, आणि बाकीच्या पोरी लिफ्टमधून लिपस्टिक लावत वर जायच्या तेव्हा मॅव्हिस मागच्या दगडी जिन्यानं चढायची. ऑब्री तिला न्यायला आला की तोही जिन्यानंच चढायचा, वर येऊन धापा टाकत हसायचा. सार्वजनिक टेलिफोनच्या लाल खोक्यातसुद्धा ती एक पाऊल बाहेर ठेवून, टाचेनं दार अडवून बोलायची. सगळ्यांना ठाऊक होतं. नणंदेच्या मुलांनाही. मॅव्हिसमामी आली की दारं उघडी ठेवायची असतात. हळूहळू तिच्याबद्दल सांगण्यासारखं तेवढंच एक उरलं होतं, जसा कुणाचा पाय अधू असतो, कुणाच्या गालावर डाग असतो. आणि तिनंही ते अंगाला लावून घेतलं होतं. एखादा कोट आपल्या मापाचा नसला तरी वर्षानुवर्षं घालून आपलाच होतो, तसं. पण आज, परक्या माणसापुढे, आपल्याच बागेत, आपल्याला न विचारता, तो शब्द वाऱ्यावरून परत आपल्याकडे आला, आणि तिला एकदम वाटलं की मला जमतं की नाही, हे मी कधी पाहिलंच नाही.

चहा देऊन ती आत आली आणि नळाखाली हात धरून उभी राहिली. बेडमिन्स्टरच्या, तिच्या लहानपणच्या घराला जिन्याखाली एक कपाट होतं. झाडू, बादली, वडिलांचे जुने बूट. युद्धातल्या त्या रविवारी विमानहल्ल्याचा भोंगा वाजला तेव्हा आईनं तिला तिथं ढकललं आणि स्वतः रॉकेलचा दिवा विझवायला वळली. नंतरचं मॅव्हिसला आवाज म्हणून आठवत नाही, तोंडात भरलेली माती म्हणून आठवतं. आई मधल्या भिंतीच्या पलीकडे होती; भिंत आता भिंत राहिली नव्हती, विटांचा ढीग झाली होती, आणि ढिगाच्या पलीकडून आई बोलत होती. खूप बोलत होती. मग थांबली. दुसऱ्या दिवशी माणसांनी मॅव्हिसला ओढून काढलं तेव्हा उजेडानं तिचे डोळे दुखले, एवढंच. आईचे हात तिला आठवत होते, एप्रनचा पिवळा काठ आठवत होता, फोटोत चेहरा होता. पण आवाज गेला होता. आई काय बोलत होती, कशी बोलत होती, ते सगळं त्या ढिगाखालीच राहिलं. अंधार आठवला की लोक म्हणत, नको गं, नको आठवूस. तिनं ऐकलं. अंधाराला हातच लावला नाही, मग त्यात जे होतं तेही तिथंच राहिलं. हे असं, इतकं स्वच्छ, तिनं आजवर कधी मांडलं नव्हतं. नळ तसाच वाहत होता.

गुरुवारी दुकानातून आल्यावर तिनं ऑब्रीचं कोळशाचं फावडं घेतलं आणि टेकाडाच्या उत्तर अंगाला गेली. ऑब्रीची या आठवड्यात संध्याकाळची पाळी होती. झुडपांच्या मुळ्या कात्रीनं तोडल्या, मग माती ओढली. पहिल्या दिवशी काहीच लागलं नाही, फक्त तळहाताला फोड आले. हातमोजे विकणाऱ्या बाईच्या हाताला फोड. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाच्या बोटांवर मऊ कातडं चढवताना तिला स्वतःशीच हसू आलं. शनिवारी ऑब्रीनं खणलेलं पाहिलं. "हे काय?" "दार शोधतेय." "मॅव, शुक्रवारी लॉरी येणार आहे, कशाला जिवाला त्रास?" तो इतक्या हळुवारपणे म्हणाला की ओरडला असता तर बरं झालं असतं. "फक्त दार," ती म्हणाली. रात्री त्यानं तिच्या तळहातांना व्हॅसलिन लावलं आणि एकेक बोट असं हातात धरलं की जणू ते परत ठेवून द्यायची वस्तू आहे.

सोमवारी शेजारची आयरीन पॅडफील्ड कुंपणावर कोपरं टेकून उभी राहिली. केसांत रोलर, तोंडात सिगरेट. "खणत खणत ऑस्ट्रेलियाला निघालीस की काय गं?"

"स्वस्तात पडेल," मॅव्हिस म्हणाली.

"आमच्या सासूबाई होत्या ना कोर्टलँड्सच्या मुदपाकखान्यात, पोरसवदा असताना. सांगायच्या, जुलैमध्ये खाली उतरून बर्फाचे तुकडे आणायला लागायचे, पोरी रडायच्या. वर जिवाची काहिली आणि आत गोठून दात वाजायचे. बर्फ ते खायचे, सर्दी आम्हाला व्हायची, म्हणायच्या." तिनं धूर सोडला. "पण तू आत जाणार नाहीस ना? ऑब्री म्हणत होता, तुला..."

"काय म्हणत होता?"

आयरीननं सिगरेटकडे पाहिलं. "काही नाही गं. त्याचा जीव आहे तुझ्यावर. माझ्या नवऱ्याला, रॉयला विचार, माझ्या डोळ्यांचा रंगही सांगता यायचा नाही त्याला."

त्याच दुपारी फावडं विटेला लागलं. कमानीचा माथा, मग त्याखाली पोकळी. मॅव्हिसनं हातानं माती ओढली आणि बोळ उघडा झाला, वाकून जाता येईल एवढा. आतून तीच हवा. ती गुडघ्यांवर बसली, टॉर्च पुढे धरला आणि कमरेपर्यंत आत गेली. खांदे विटांना लागले. एवढंच झालं आणि छाती बंद झाली. कुणीतरी आतून पट्टा आवळावा तशी. तोंडात माती नव्हती, तरी मातीची चव आली. ती उलट्या हातांनी सरपटत मागे आली आणि गवतात पालथी पडली, घामानं ब्लाउज पाठीला चिकटला, आणि तिनं सकाळचं सगळं ओकून टाकलं. बराच वेळ ती गाल जमिनीला टेकून पडून होती. गवताच्या मुळांशी एक मुंगी आपल्यापेक्षा मोठं काहीतरी ओढत होती. मॅव्हिसला वाटलं, ऑब्री बरोबर आहे, मला जमत नाही. मग वाटलं, जमत नाही तर नाही. पण ते आता मला माझं माहीत झालं, कुणी सांगितलं म्हणून नाही. आणि ही गोष्ट इतकी समाधानाची निघाली की ती उठून बसली, नळाखाली तोंड धुतलं आणि परत गेली. या वेळी खांदे लागले तेव्हा ती थांबली, मागे आली नाही. छाती आवळली, आवळू दिली. पट्टा आणखी घट्ट होणार, होणार, अशी वाट पाहत राहिली, आणि तो झाला नाही. जेवढा होता तेवढाच राहिला. तेवढ्यावर माणूस श्वास घेऊ शकतो. मंगळवारी संध्याकाळी ती बोळाच्या शेवटापर्यंत पोचली. तिथं विटांचा एक ओटा होता आणि पुढे काही नव्हतं, गोल खोल अंधार, आणि वर तिच्याच दोरीच्या खांबानं पाडलेलं भोक, त्यातून येणारी उजेडाची तिरपी काडी. विटा किती सुबक लावल्या होत्या. एकावर एक, कडं बारीक होत खाली गेलेलं. कुणीतरी हे हातानं केलं होतं, ज्याला आइस्क्रीम मिळालं नसणार.

बुधवारी तिनं आधी नगरपालिकेला फोन केला. सवयीनं टाच दारात होती. "लव्हेलसाहेबांना सांगा, शुक्रवारची लॉरी नको. गॉलेज. हो, मिसेस गॉलेज. घर दोघांच्या नावावर आहे. दार आम्ही उघडलंय, जाळी बसवू." पलीकडून कुणीतरी विचारलं, मिस्टर गॉलेजना हे माहीत आहे का. "होईल," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मग दुकानाला तिनं अर्ध्या दिवसाची सुट्टी कळवली, घरची शिडी बोळातून सरकवत नेली, ओट्यावरून खाली सोडली. तळाशी ती टेकल्याचं हाताला जाणवलं. उतरताना तिनं विचार केला नाही, पायांनी केला. पाय एकेका पायरीवर विचार करून ठरवत होते आणि ती त्यांच्या मागून खाली येत होती. तळाला चिखल होता, पडलेल्या विटा होत्या, मधोमध वितळलेलं पाणी जायची जाळी होती, गंजून गेलेली. इतकी थंडी होती की श्वास दिसत होता. भोकावर तिनं कालच फळी टाकली होती, पावसाच्या भीतीनं. वर आता उजेडाचा ठिपकाही नव्हता, आणि बोळातला उजेड ओट्यापर्यंतच संपत होता. टॉर्चचा पिवळा गोळा विटांवर फिरला. मॅव्हिसनं तो काही वेळ फिरवला आणि मग, कुणी सांगितलं नसताना, बटण मागे ओढलं.

अंधार आला तो एकदम आला, आणि सगळीकडून आला. डोळे उघडे की मिटलेले, फरक नव्हता. छाती आवळली. ती विटांना पाठ लावून उभी राहिली आणि ओल पाठीत शिरली. आता मी गाडलेली आहे, तिला वाटलं. हीच ती जागा. मग, अगदी शांतपणे, कानाच्या आतल्या अंगानं कुणीतरी म्हणालं: *दूध झाकलं होतंस का गं तू?* मॅव्हिसनं श्वास रोखला. *नसणार. आता सगळी धूळ बसली असेल त्यावर. किती वेळा सांगितलं.* जाडसर, सर्दी झाल्यासारखा आवाज. बेडमिन्स्टरच्या जुन्या बायकांसारखा, शब्दाच्या शेवटी उगाच ल चिकटवणारा. *आल्मल मावशी येणार पुढच्या रविवारी, तिला काय देऊ, माती? तिची ती टोपी पाहिलीस का तू? वर चेरी लावल्यात. पन्नाशीला आली बाई आणि डोक्यावर चेरी. एखादा पक्षी नेईल चोचीत धरून, आल्मलसकट.* आल्मा मावशी. आल्मल. ढिगाच्या पलीकडून आई हसली होती. हो, हसली होती. विटांखाली चेपलेली ती बाई मुलगी घाबरू नये म्हणून टोपीवरून हसत होती, दुधावरून रागावत होती, आणि मधेच विचारत होती, *आहेस ना गं?* आणि पोर म्हणत होती, आहे. मॅव्हिसच्या गालांवरून गरम पाणी ओघळत होतं, त्या थंडीत ते भाजल्यासारखं लागत होतं. ती हुंदके देत नव्हती. ती ऐकत होती. एकही शब्द निसटू नये म्हणून विहिरीच्या तळाशी, अंधारात, तोंडावर हात धरून ती ऐकत राहिली. भीती होती तिथंच, बाजूला, एखाद्या ओल्या कुत्र्यासारखी अंग झटकत. तिला राहू दे म्हणाली ती. आई बोलत होती.

वर आली तेव्हा बोळाच्या तोंडाशी ऑब्री उभा होता, गणवेशात, टोपी हातात, चेहरा चुन्यासारखा. दुकानात फोन केला होता त्यानं, ती सुट्टीवर असल्याचं कळलं, पाळी टाकून आला. "मॅव! मी ओरडतोय किती वेळ! काही झालं असतं तर? आत कुणी..." तिच्या गुडघ्यांना चिखल, केसांत जळमटं. "मी लॉरी नको म्हणून सांगितलं," ती म्हणाली.

स्वयंपाकघरात त्यानं किटली ठेवली आणि गॅस लावायचा विसरला. "मला विचारायचंस तरी."

"तू मला विचारलं होतंस?"

"तुझ्यासाठीच केलं ना मी! सगळं तुझ्यासाठीच..."

"माहीत आहे, ऑब्री." तिनं काडी ओढली आणि गॅस पेटवला. "आईचा आवाज ऐकला मी."

तो खुर्चीत बसला. ती त्याला सांगत गेली, दूध, चेरी, आल्मल, आणि तो टेबलावरच्या साखरेच्या भांड्याचं झाकण उघडत-मिटत राहिला. ऐकत होता, डोळे भरले होते त्याचे. पण त्याखाली आणखी काहीतरी होतं, एखादा माणूस घर बदलताना आपली खोली शेवटची पाहतो तसं. "मग आता," तो शेवटी म्हणाला, "दारं मिटली तरी चालतील तुला."

"बघू. सगळं एकदम नाही जमायचं."

"नाही, म्हणजे," तो म्हणाला, आणि थांबला. "मग माझं काय काम?"

तिनं चहा गाळून त्याचा कप त्याच्यापुढे सरकवला. त्या रात्री दोघं एकमेकांकडे पाठ करून जागेच पडून राहिले, आणि दोघांना माहीत होतं की दुसरा जागा आहे.

शनिवारी दुपारी ती म्हणाली, "चल, दाखवते." ऑब्रीनं आधी जुने बूट शोधले. मग स्वेटर बदलला. मग म्हणाला पाऊस येईल. मॅव्हिस फळी काढून आली आणि बोळातून पुढे झाली. टॉर्च घेऊन उतरली, तळाशी उभं राहून उजेड शिडीवर धरला. वर ओट्यावर त्याचे बूट दिसले. एक बूट पायरीवर आला. दुसरा आला. तिसरी पायरी, आणि मग काहीच नाही. शिडी वाजायला लागली, बारीक, दातांवर दात वाजावेत तशी. तिनं आधी शिडीचं बूड तपासलं. शिडी पक्की होती. त्याचे गुडघे वाजत होते.

"ऑब्री?"

"थांब जरा."

"काय होतंय?"

मग वरून, विटांना तोंड लावून, तिनं कधी न ऐकलेल्या आवाजात म्हणाला, "बाप मला कोळशाच्या तळघरात कोंडायचा. झाकण लावून. काहीही केलं की. तुला भेटलो आणि तू म्हणालीस की तुला बंद जागा चालत नाही, तेव्हा मला इतकं बरं वाटलं, मॅव. मला कुणाला काही सांगावंच लागलं नाही."

मॅव्हिस तशीच उभी राहिली. चार मजल्यांचा तो दगडी जिना, धापा टाकत हसणारा तो, दोन वर्षं शोधलेलं तळघर नसलेलं घर, सगळं तिच्या मनातून सरकत गेलं, आणि प्रत्येक जागी ती एकटी नव्हती, हे तिला दिसलं. राग यायला हवा होता का? थोडा आलाही. इतकी वर्षं दोघांची भीती तिनं एकटीच्या नावावर वागवली होती. पण शिडी वाजत होती आणि तो परत वर चढत नव्हता. त्याला वर जाता आलं असतं. तिसऱ्या पायरीवरून कुणीही वर जाऊ शकतं. तो तिथंच होता, घट्ट धरून, पुढची पायरी पायानं चाचपत.

ती "ये" म्हणाली नाही, "नको" म्हणाली नाही. टॉर्च दातांत धरला आणि दोन्ही हातांनी शिडी दाबून उभी राहिली. पाय खाली आला. मग दुसरा. त्याच्या पोटरीला तिचा खांदा लागला, मग कंबर, मग तो पूर्ण खाली आला आणि चिखलात उभा राहून तिच्या खांद्यावर कपाळ टेकून राहिला. त्याचं अंग घामानं निथळत होतं आणि श्वासाच्या वाफा दोघांच्या मधे साचत होत्या.

खूप वेळानं त्यानं मान वर केली आणि गोल चढत गेलेल्या विटांकडे पाहिलं.

"भयंकर थंडी आहे गं इथं," तो म्हणाला.

"असणारच," मॅव्हिस म्हणाली. "त्यासाठीच बांधलंय."